खोडलेला शब्द

२०१४-१५ च्या सुमारास आम्ही परदेशात क्लेमेंटीला राहत असताना आमच्याच मजल्यावर एक जपानी बाई राहायच्या. विद्यापीठात आधुनिक जपानचा इतिहास शिकवायच्या. बोलण्याआधी जरा थांबायच्या, जणू वाक्य आधी मनात तपासून घेत. त्यांच्याकडे चहाला गेलं की निघताना माझ्या चपला दाराकडे तोंड करून लावलेल्या असत. त्या कधी उठून लावायच्या, मला शेवटपर्यंत कळलं नाही.

एकदा मी सांगितलं, माझी आजी आजोबांना 'मालक' म्हणायची. बाई तोंडावर हात धरून हसल्या.

"आमच्याकडेही तेच! शुजिन. नवराही शुजिन आणि धनीही शुजिन. सगळं बदललं, हा शब्द काही जात नाही. मुलांनी निबंधात लिहिला की मी लाल पेनाने खोडते."

त्यांचा नवरा ओसाकाला असे. त्याच्याबद्दल त्या कधी बोलायच्या नाहीत. तो अचानक गेल्याचं कळलं तेव्हा मी भेटायला गेले. टेबलावर तपासायचे निबंध तसेच पडले होते.

"आता मी मिबोजिन," त्या म्हणाल्या. "विधवेसाठी आमचा जुना शब्द. अर्थ असा, की जी अजून मेली नाही ती."

मला संतापच आला. "कोण म्हणालं तुम्हाला असं?"

त्या थांबल्या. नेहमीपेक्षा जास्तच.

"कुणी नाही. सकाळी सासूबाईंचा फोन आला होता. मी उठून उभी राहिले, फोनपुढे वाकले आणि मीच म्हणाले."