वीस जण ‘हो’ म्हणाले

फेतुआओची नोकरी म्हणजे माणसांचे अंगठे बघायचे. बोटीच्या कंपनीने मोबाइलवरून बोटीवर गाडीची जागा राखायची सोय केली, आणि ती लोकांना जमते का हे तपासायला तिला घेतलं. मी तिच्या शेजारच्या टेबलावर. इतकी बारीक नजर आख्ख्या सावाईई बेटावर दुसऱ्या कुणाची नसेल.

आणि आमचे साहेब इओसेफो! चाचणीला गावकरी आले की आधी डुकराचं मटण आणि अळूचे कंद पोटभर खायला घालायचे, मग हसत विचारायचे, "सोपं आहे ना?" अहो, ज्याचं खाल्लं त्याच्या कामाला तोंडावर नावं ठेवणारा माणूस आमच्यात जन्मलाय का? वीसच्या वीस जण म्हणाले, "फार सोपं, फार छान!" मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

फेतुआओने त्यांचे अंगठे पाहिले होते. "साहेब, शेवटच्या पानावर ‘मुख्य पान’ हे बटण मोठं, निळं आहे. ‘जागा पक्की करा’ खाली बारीक. अंगठा मोठ्यावरच जातो. चौदा जणांची जागा पक्की झालीच नाही, आणि त्यांना वाटतंय झाली."

"वीस जण ‘हो’ म्हणाले ना? मग तुझं काय मध्येच?"

तिने तीनदा सांगितलं. तीनदा हेच ऐकलं.

मग पलीकडच्या बेटावर तिचा मामा वारला. फेतुआओ चाचण्यांसाठी गावोगाव फिरत होती, म्हणून तिच्या आईने स्वतःच मोबाइलवर जागा राखली. शनिवारी सकाळी पिकअपमध्ये मयताच्या घरी रिवाजाने द्यायच्या विणलेल्या चटया आणि खारवलेल्या मांसाच्या बादल्या भरून ती धक्क्यावर आली. यादीत नावच नाही. गाड्यांची जागा भरलेली, आणि दफन दुपारी.

"आई, तू नुसती चढ. माणसांना जागा आहे," धक्क्यावर धावत पोचलेली फेतुआओ म्हणाली.

"भावाच्या मयतीला हात हलवत जाऊ? चटया न घेता? त्यापेक्षा न गेलेलं बरं."

बोट सुटली. इओसेफो साहेब धावत आले. फेतुआओ त्यांच्यावर तुटून पडणार, तेवढ्यात आईच पुढे झाली. मान खाली घालून म्हणाली, "माफ करा, साहेब. तुमचं काम छानच आहे. माझाच अंगठा मूर्ख."

फेतुआओ भर धक्क्यावर हमसून हमसून रडली. "तुझा नाही गं आई, तुझा नाही," एवढंच म्हणत राहिली. आई मात्र साहेबांच्या चेहऱ्याकडे बघत होती, त्यांना वाईट तर वाटलं नाही ना म्हणून.