मूठ उघडा, मावशी

अँब्युलन्सवर लागून तीन वर्षं झाली तेव्हा मी अर्ध्या हळकुंडानं पुरता पिवळा झालो होतो. माणूस दारातून दिसला की त्याला काय झालंय ते ओळखायचो. तोंड एका बाजूला ओढलंय का, छातीत दुखतंय म्हणणारा बोट दाखवतो की अख्खी मूठ छातीवर ठेवतो, घाम उन्हाचा आहे की आतला. बहुतेक वेळा बरोबर निघायचं, आणि बरोबर निघालं की मी नातेवाइकांना झापायचो. फिट आलेल्या एका माणसाच्या नाकाला त्याची बायको कांदा लावत होती. "भाजी करायचीय का त्याची?" असं मी तिला म्हणालो. ती रडत होती. आमचा ड्रायव्हर मात्र हसला, म्हणून तो किस्सा मी पुढं चार ठिकाणी रंगवून सांगितला.

लोकांच्या अडाणीपणाची मला चीड होती, आणि खरं सांगायचं तर त्यात मजाही यायची.

नवलाख उंबऱ्याच्या एमआयडीसीतल्या कंपन्यांमध्ये मी प्रथमोपचाराची शिबिरं घ्यायचो. ते ऐकून लोणावळ्यातल्या एका चिक्कीवाल्या मालकानं मला त्याच्या कारखान्यात बोलावलं. कारखाना म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड. एका टोकाला गुळाचा पाक उकळत होता, दुसऱ्या टोकाला वीस-पंचवीस बायका फरशीवर बसल्या होत्या. मी विचारलं, "शुगर कुणाला आहे?" पॅकिंगला बसणाऱ्या एका बाईनं हात वर केला. पन्नाशीची असेल, जवळच्या औंढे गावाहून रोज यायची. तिचा दुसरा हात पदराखाली होता आणि त्याची मूठ घट्ट मिटलेली.

"काय आहे हातात? मूठ उघडा, मावशी."

 मी खाली वाकलो, तिचं मनगट धरलं आणि सगळ्यांसमोर तिची बोटं एकेक करून उलगडली. आत शेंगदाण्याच्या चिक्कीचा तुकडा होता, हाताच्या उबेनं चिकट झालेला. बायका खो खो हसल्या. मालकही हसला.

"मधीच हातपाय कापत्यात भाऊ," ती म्हणाली. "योक तुकडा खाल्ला की बरं वाटतं."

आमच्या पुस्तकात साखर उतरल्याची लक्षणं दिलेली आहेत: थरथर, घाम, चिडचिड, बरळणं. त्यावर मी परीक्षा पास झालो होतो. पहिलं लक्षण आणि त्यावरचा उपाय, दोन्ही त्या बाईनं एका दमात सांगितलं होतं. मला मात्र समोर चोर पकडल्यासारखं वाटत होतं.

"बरं वाटणारच," मी म्हणालो. "दारुड्यालाही घोट मिळाला की बरं वाटतं."

पुन्हा हशा झाला. मग मी बायकांना बजावलं, "मावशींना गोडाचा कण द्यायचा नाही. मागितलं तरी नाही, रडल्या तरी नाही. मैत्रिणी ना तुम्ही त्यांच्या?" आणि तिला सांगितलं की शुगरची गोळी एक दिवसही चुकवायची नाही. तिनं मान हलवली आणि हात पदराला पुसला.

उपासाचं मी विचारलंच नाही. आमचं घर बौद्ध. आजोबांनी छप्पन्न साली देव इंद्रायणीत सोडले, तेव्हापासून आमच्यात उपासतापास नाहीत. संकष्टीला बायका चंद्र उगवेपर्यंत जेवत नाहीत हे मला माहीत होतं, शेजारच्या घरातलं भांडण माहीत असतं तेवढंच. शेंगदाणा-गूळ उपासाला चालतो, आणि सकाळी साखर उतरवणारी गोळी घेऊन दिवसभर उपाशी राहणारी ही बाई त्या तुकड्यांवर दिवस काढते, हे मला कसं सुचावं? असं मी स्वतःला अजूनही विचारतो. उत्तर सोपं आहे: तिला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं.

दोन-अडीच महिन्यांनी त्याच शेडमधून फोन आला. बाई उठत नाही म्हणाले. रविवार होता, दुपारचे चार वाजले होते, आणि पर्यटकांच्या गाड्यांनी रस्ता तुंबला होता. सायरनला कुणी भीक घालत नव्हतं. एका गाडीतल्या माणसानं काच खाली करून आमचा व्हिडिओ काढला.

रिकाम्या गोणपाटांवर तिला निजवलं होतं. घामानं ब्लाउज भिजलेला, अंग गार, आणि ती घोरत होती. या वेळीही मी दारातूनच ओळखलं. बोटाला सुई टोचली, मशीननं आकडा दाखवला. चोवीस. सत्तरच्या खाली गेला तरी धोका असतो. तिच्यामागे, हाताच्या अंतरावर, चिक्कीचे ट्रे छातीएवढे रचून ठेवले होते.

"कधीपासून असं?"

तिच्या शेजारी पॅकिंगला बसणारी बाई पुढं आली. "अकराच्या सुमाराला कापाया लागली. आज संकष्टी हाय तिची. मग आमालाच शिव्या द्याया लागली. कवा शिवी दिली न्हाई वो तिनं. मग आडवी झाली. घोरत व्हती, म्हनून म्हनलं झोपू द्यावं, उपासानं दमली आसंल."

"काही खायला दिलं?"

"न्हाई भाऊ!" ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर चक्क अभिमान होता. "तुमी सांगितल्यापासनं गोडाचा कण दिला न्हाई तिला. चहा बी बिनसाकरेचा. आज तर हात जोडून मागत व्हती. टरेवर हात टाकला तिनं, आमी दोघींनी धरून ठिवला."

मी शीर शोधली, फोनवर डॉक्टरांना विचारलं आणि ग्लुकोज सोडलं. असा पेशंट चार-पाच मिनिटांत डोळे उघडतो, मी कुठाय म्हणून विचारतो, आणि लोक आपल्याकडं देव बघितल्यासारखं बघतात. मला तो प्रकार फार आवडायचा. मावशींची साखर वर आली. डोळे उघडले नाहीत.

तेव्हा मी काय केलं ते सांगतो. त्या शेजारणीकडं वळून मी सगळ्यांसमोर ओरडलो, "पाच तास काय झोपा काढत होता? घोरणं म्हणजे झोप वाटते तुम्हाला?" ती मटकन खाली बसली आणि कपाळ बडवून रडायला लागली. तिच्यामुळंच उशीर झाला, असं ती आजही समजत असेल. मी तिला खरं सांगितलेलं नाही. लाज वाटते, पण लाज वाटून ते सांगायला मी आजवर त्या शेडमध्ये गेलेलो नाही.

मावशी वाचल्या. मेंदू फार वेळ उपाशी राहिला, असं हॉस्पिटलमध्ये म्हणाले. त्यापुढं त्यांच्याकडंही सांगण्यासारखं काही नव्हतं.

सहा महिन्यांनी औंढ्यात एका म्हाताऱ्याला न्यायला गेलो होतो. म्हातारा चालत गाडीत बसला, बरोबर न्यायचे कागद शोधायला घरच्यांना वेळ लागत होता. पलीकडच्या ओट्यावर मावशी बसलेल्या दिसल्या. सून त्यांना वाटीतला भात भरवत होती. अंगावर निळा युनिफॉर्म तसाच असताना मी तिकडं गेलो. का गेलो माहीत नाही. माफी मागण्याएवढा चांगला मी तेव्हाही नव्हतो.

"कुनालाच वळखत न्हाईत," सून म्हणाली. "पोराला बी न्हाई."

मावशी माझ्याकडं बघत होत्या. तोंडातला भात तसाच राहिला. मग त्यांनी दोन्ही हात पुढं केले आणि बोटं एकेक करून उलगडली. तळवे रिकामे होते.

"न्हाई खाल्ली," त्या म्हणाल्या. "भाऊ, न्हाई खाल्ली."

सून हरखली. वाटी खाली ठेवून तिनं घरात हाक दिली, "आवं, लवकर या! आत्यांनी ह्यांना वळखलं!"