पाकिटावरची पाच माणसं

आमच्या भावोजींना बाजारात सगळे 'कात्री' म्हणायचे. त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं, उलट मिरवायचे. मला त्यांचा राग होता, आहे, आणि ते उद्या गेले तरी राहील. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की मेव्हणी तिखटमीठ लावून सांगते. तिखटमीठ लावायची मला गरजच नाही.

त्यांचा धंदा शूटिंगच्या फायली डीव्हीडीवर बसवून द्यायचा. लग्न, वाढदिवस, शाळेचं स्नेहसंमेलन, ऑफिसातला निरोप समारंभ, काय वाट्टेल ते. दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. दोन कॉम्प्युटर आणि एक पंखा, तोही कॉम्प्युटरकडे तोंड केलेला. माणसांनी घाम पुसत बसावं. कॅमेरावाले बारा-तेरा जीबीच्या फायली आणून टाकायचे. डिस्कवर छापलेलं असतं चार पॉइंट सात, आणि बसतं त्याहूनही कमी. गिऱ्हाइकाला दोन डिस्का नको असतात. एक घालावी, पाय पसरून बघावी, संपलं.

मग वाटा दोनच. एक म्हणजे क्वालिटी उतरवून अख्खं शूटिंग कोंबायचं. चेहरे जरा चौकोनी चौकोनी होतात, पण सगळे असतात. दुसरी म्हणजे कापायचं. बाकीचे दुकानदार थोडं हे, थोडं ते करून भागवायचे. भावोजी क्वालिटीला हात लावू द्यायचे नाहीत. माझ्या डिस्कवर एक जरी चेहरा फुटलेला दिसला तरी दुकानाला कुलूप लावीन, असं छाती काढून सांगायचे. म्हणून ते कापायचे.

कापायचीही त्यांची रीत होती. गिऱ्हाईक आलं की काउंटरवर एक खाकी पाकीट पुढे यायचं. त्यावर महत्त्वाची माणसं लिहायची, जास्तीत जास्त पाच. ही पाच माणसं कापली जाणार नाहीत, याची हमी. बाकीचे राहिले तर राहिले. पाकीट लिहायचं काम माझ्या ताईचं. तिचं अक्षर मोत्यासारखं, आणि पगार मागत नाही ती एकुलती एक नोकर. नवरानवरी पटकन सांगून व्हायची. पाचव्या माणसापाशी मात्र लोकांची जीभ अडायची. एकदा एक गृहस्थ आई का साहेब, आई का साहेब करत पाऊण तास उभे राहिले. शेवटी साहेब लिहायला लावले आणि ताईची नजर चुकवून निघून गेले.

आणि काम दिल्यावर आठ दिवसांनी मूळ फाईल पुसून टाकायची. जागा कुठंय, म्हणायचे.

एक म्हातारे एकदा डिस्क घेऊन आले होते. नातीच्या लग्नात दिवसभर दारात उभं राहून त्यांनी पाहुण्यांचं स्वागत केलं होतं. डिस्कवर त्यांची फक्त काठी दिसत होती, तीही अर्धी. भावोजींनी पाकीट काढून त्यांच्यासमोर धरलं आणि तुम्ही ह्यावर नाही, असं सरळ सांगितलं. म्हाताऱ्यांनी चष्मा लावून पाचही नावं वाचली, दोनदा. ताईने त्यांना पाणी दिलं. ते गेल्यावर भावोजी हसले, आणि मला वाटतं त्या दिवसापासून ते माझ्या डोक्यात गेले.

मग त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं, माझ्या भाचीचं, लग्न झालं. बाप म्हणून मिरवायचं असल्याने भावोजींनी शूटिंगला बाहेरचा कॅमेरावाला लावला. डिस्क मात्र स्वतःच करणार. लग्नानंतर तीन दिवसांनी मी दुकानात गेले, तर नवरा सांगतोय आणि बायको पाकीट लिहितेय. मुलगी. जावई. व्याही. मग स्वतः. मी तोंड वासून बघत होते. पाचवं म्हणून त्यांनी बँकेचे मॅनेजर सांगितले, कारण ते लग्नाला आले हेच मोठं.

मी म्हटलं, अहो, ताई? त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, "ही चोवीस तास घरातच असते. हिला डिस्कवर कशाला बघायची?"

ताईने मॅनेजर साहेबांचं नाव लिहिलं, खाली रेघ ओढली, पाकीट गठ्ठ्यात ठेवलं. मला तिचाही राग आला, खोटं कशाला बोलू. पण त्याच आठवड्यात ती माझ्याकडे आली आणि रुमालात गुंडाळलेली एक छोटी हार्डडिस्क माझ्या हातात ठेवली. कॅमेरावाल्याकडून गुपचूप कॉपी करून आणली होती. म्हणाली, "तेरा जीबी आहे. तुझ्याकडे असू दे. मी आहे त्यात."

एवढंच बोलली. मी ती कपाटात ठेवली, वर चादरी रचल्या.

दीड वर्षाने ताई गेली. आजार पोटाचा होता, आणि दवाखान्यातही ती कुणाला त्रास नको म्हणून आधीच सगळं आवरून बसल्यासारखी असायची. तेराव्या... नाही, दिवस मोजत नाही मी, पण महिनाही झाला नव्हता, तेव्हा भाचीने बापाला विचारलं की आईचा आवाज कशात आहे का. फोटो होते. आवाज नव्हता. भावोजी म्हणाले, असणारच, बघतो.

आणि ते बघायला बसले. वीस वर्षांच्या घरच्या डिस्का. मुलीचे वाढदिवस, बक्षीस समारंभ, सहली, घराची पूजा नाही तर रंगकाम, सगळं शूट केलेलं आणि सगळं त्यांच्या हाताने बेतलेलं. ताई प्रत्येक ठिकाणी होती. म्हणजे असायला हवी होती. केक आणणारे हात दिसायचे, की कट. दार उघडायचं, की कट. कुणीतरी 'बस ना गं तूही' म्हणायचं, आणि तिचं उत्तर येण्याच्या आत दुसरंच दृश्य. मूळ फायली आठ दिवसांच्या नियमाने कधीच गेलेल्या. शेजारच्या बाई सांगत होत्या, हा माणूस जेवत नाही, नुसता टीव्हीसमोर रिमोट घेऊन पुढे-मागे करतो.

मला कळलं तेव्हा वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं.

दोन आठवडे मी त्यांना तसंच झिजू दिलं. मग ते स्वतःच माझ्याकडे आले. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं खालीवर. कॅमेरावाल्याकडे जाऊन आले होते. त्याचंही सगळं पुसलेलं. तुझ्याकडे काही आहे का, म्हणून मला विचारताना त्यांचा आवाज फाटला. ह्या माणसाला रडताना मी पहिल्यांदा बघत होते, आणि चहा ठेवायलाही उठले नाही.

आता माझं ऐका. त्या हार्डडिस्कवर काय आहे ते मला ठाऊक होतं. ताई गेल्यावर मी ती कितीदा तरी लावून पाहिली होती. ताई बहुतेक मागूनच दिसते, ट्रे घेऊन, खुर्च्या सरकवत. पण शेवटाकडे एका जागी कॅमेरावाला मुद्दाम तिच्यासमोर जातो आणि म्हणतो, काकू, मुलीसाठी दोन शब्द बोला. आणि ती बोलते. काय बोलते ते मी भावोजींना आधी सांगू शकले असते. सांगितलं नाही. त्यांनी ते एकट्याने, अंधारून आलेल्या त्या जिन्याखालच्या खोलीत ऐकावं, अशी माझी इच्छा होती. मी कपाट उघडलं, चादरी बाजूला केल्या आणि रुमालासकट ती हार्डडिस्क त्यांच्या हातात दिली. त्यांनी माझ्या पायाला हात लावला. वयाने मोठा माणूस. मी पाय मागे घेतले नाहीत.

कॉपी करून ठेवायचं मला सुचलं नाही. सूड उगवायची एवढी घाई झाली होती, की अक्कल गहाण पडली.

आठ दिवस गेले, पंधरा गेले. फोन नाही. मग भाचीचा आला, सासरहून. बाबांनी डिस्क पाठवली म्हणाली, आईची. तेरा जीबीतून आई जिथे जिथे दिसते तेवढीच काढून जोडली आहे, सगळी मिळून चार मिनिटं दहा सेकंद. डिस्क बाकी रिकामीच. आणि मग तिने विचारलं, "मावशी, शेवटी आई माझ्याकडे बघून काहीतरी बोलते, पण आवाज का नाही येत?"

मी तशीच उठून दुकानात गेले. भावोजी रिकाम्या डिस्कांचे डबे पुसत बसले होते. आवाज कुठे गेला म्हणून विचारलं, तर म्हणाले, तिथे आवाज खराब होता. खरखर होती. काढला.

मी म्हटलं, मूळ द्या.

त्यांनी टेबलावरचा रुमाल माझ्याकडे सरकवला, घडी घातलेला. आत हार्डडिस्क होती. रिकामी. आठ दिवस झाले होते.

मी त्या माणसाला मारलं असतं. जगात ताईचा आवाज एकाच ठिकाणी होता, तो मी माझ्या हाताने कात्रीखाली दिला, आणि त्यांनी तो कापला. कारण ऐकवत नव्हता. आयुष्यभर जे बायकोला केलं, तेच ती मेल्यावरही केलं. घरी आले आणि भाचीला फोन करून सांगितलं, ये. डिस्क घेऊन ये. बाबांच्या घरी.

रविवारी दुपारी ती आली. आम्ही तिघं त्यांच्या बैठकीत बसलो. भावोजी दाराजवळच्या खुर्चीत, जिथे ताई बसायची. भाचीने डिस्क लावली. ताई ट्रे घेऊन गेली. ताईने खुर्ची सरकवली. ताईची पाठ, ताईचा हात, ताई कुणालातरी वाट करून देतेय. चेहरा एकदाही फुटलेला नाही, क्वालिटी अगदी स्वच्छ. मग ती समोर आली. कॅमेऱ्याकडे बघून जरा लाजली, केस कानामागे घेतले आणि ओठ हलवले, नुसतेच.

मी ते पाठ केलं होतं. तिचे ओठ हलताना मी माझ्या तोंडाने बोलले, तिच्यासारखंच, हळू:

"माझं नको रे काढू. आमच्याकडे मला कापतात. तुझी मेहनत फुकट जाईल. जा, तिकडे तिच्या बाबांचं काढ, ते बघ कसे छान दिसतायत."

पडद्यावर ताई हसली, आणि डिस्क संपून निळा पडदा आला. भावोजी भिंतीला धरून उठले आणि प्लेअर बंद करायला वाकले. भाचीने त्यांचा हात धरला. जोरात नाही, पण सोडलाही नाही.

"बसा, बाबा," ती म्हणाली. "मावशी, परत लाव."

मी परत लावलं. परत बोलले.