पेन्सिलकाकांची एकमेव चूक

शाळेचा शेवटचा निकाल लागला की आमच्या भागातली माणसं दोन ठिकाणी जायची. आधी नातेवाइकांकडे मिरवायला, मग पेन्सिलकाकांकडे भानावर यायला.

कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात, यंत्र आणि भिंत यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत त्यांचं टेबल असे. तीस वर्षं प्रवेश विभागात कारकुनी करून निवृत्त झालेला माणूस. पाठीवर यंत्राची गरम हवा, समोर पसंतीक्रमाच्या अर्जांचा गठ्ठा. अर्जात दहा चौकटी. वरच्या चौकटीतल्या कॉलेजात गुणांवर जागा मिळाली की खालच्या चौकटी कोणी वाचत नाही, आणि मिळालेली जागा बदलून मिळत नाही. म्हणजे सगळा खेळ क्रमाचा.

काकांची पद्धत ठरलेली होती. क्रम आधी पेन्सिलीने लिहायचा. विद्यार्थ्याने तो स्वतः मोठ्याने वाचायचा. मग कागद घरी न्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी येऊन पुन्हा वाचून दाखवला की काका तो शाईने उतरवत.

"वाचताना आवाज कुठे पडतो ते मला ऐकायचं असतं," ते म्हणत. "जिथे पडतो, ते कॉलेज बापाचं असतं."

मुलाऐवजी वडीलच उत्तरं द्यायला लागले की काका पेन्सिल खाली ठेवत. "साहेब, प्रवेश तुम्ही घेताय का? मग तुमची गुणपत्रिका काढा." दुकानात हशा पिकायचा आणि वडील दाराशी जाऊन उभे राहायचे.

माझ्या लेकीला त्यांनी तासभर दिला होता. "इमारत बघून भुलू नकोस. ग्रंथालय किती वाजता बंद होतं ते विचार. वसतिगृह बघायला सांगून जाऊ नकोस, न सांगता जा आणि नळ उघडून बघ. मैत्रीण जातेय म्हणून जाऊ नकोस, मैत्रिणी महिन्यात बदलतात. आणि पहिला महिना रडू येईल. रडायला हरकत नाही, सामान बांधायचं नाही."

"आणि दुसऱ्या महिन्यात?" लेकीने विचारलं.

"दुसऱ्या महिन्यात आईचे फोन घ्यायला वेळ नसेल. तेव्हा आई रडेल."

ती खळखळून हसली. मी हसले नाही.

तिने पहिल्या चौकटीत लांबचं कॉलेज लिहिलं होतं. बसने नऊ तास, वसतिगृह, तिला हवा असलेला विषय. दुसऱ्या चौकटीत घरापासून पंधरा मिनिटांवरचं. दोन्ही नावं तिने खणखणीत आवाजात वाचली आणि खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी तिला शाळेतून दाखले आणायचे होते. "आई, तू देऊन ये ना अर्ज. मी कालच वाचलाय," असं म्हणून ती गेली. मी जेवणाच्या टेबलाशी बसले, खोडरबर घेतलं आणि वरची दोन नावं बदलली. दोन मिनिटांचंही काम नव्हतं. मी स्वतः वसतिगृहात राहून शिकलेली बाई. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोकळी तीन वर्षं तिथलीच. हे मला त्या दोन मिनिटांत आठवलं नाही असं म्हणू शकत नाही. आठवलं. तरी खोडलं.

काकांनी कागद उजेडात धरला. "इथे खोडलंय. मुलगी कुठाय?"

"शाळेत गेलीय. तिनेच बदललं."

"तिने?"

"हो."

माझा आवाज पडला. तो त्यांना ऐकू आला. त्यांचा तर तोच धंदा होता.

"तिला घेऊन या. मी तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय लिहीत नाही."

"आज शेवटचा दिवस आहे, काका."

"संध्याकाळपर्यंत बसलोय मी."

मागे रांग चुळबुळत होती. मग मी ते बोलले. "तुम्हाला मूल असतं ना, तर कळलं असतं."

त्यांना मूल नव्हतं. सगळ्या भागाला माहीत होतं, आणि म्हणूनच सगळ्या भागाची मुलं त्यांची होती. काकांनी कागद समोर ओढला. शाईचं पेन उचललं आणि त्यांच्या सुबक अक्षरात, माझ्या क्रमाने, दहाही नावं उतरवली.

यादी लागली. लांबच्या कॉलेजची शेवटची जागा लेकीपेक्षा चार गुण कमी असलेल्या मुलाला मिळाली होती. लेकीचं नाव जवळच्या कॉलेजच्या यादीत होतं. खिडकीवरून अर्जाची प्रत घेऊन ती तडक दुकानात गेली. मागोमाग मी.

"काका, पहिलं मी लांबचं लिहिलं होतं!"

दुकान भरलेलं. काकांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी छताला टांगलेला पंखा बघत होते.

"चूक झाली, बाळ. उतरवताना वरखाली झालं."

"मग वाचून का नाही घेतलंत कोणाकडून?"

"नाही घेतलं," काका म्हणाले. त्यांच्या बोलण्यात तेवढंच खरं होतं.

अशी बातमी फिरायला वेळ लागत नाही. आठवड्याभरात त्यांना "खोडरबर" असं नवं नाव पडलं. महिन्याभरात दुकानदाराने टेबल काढून तिथे दुसरं यंत्र बसवलं.

मी त्यांच्या घरी गेले. दीड खोली, खिडकीत डब्यात उभी केलेली पेन्सिलींची थोटकं. त्यांनी बसा म्हटलं नाही.

"काका, तुम्ही माझ्यासाठी..."

"तुमच्यासाठी नाही," त्यांनी मला तोडलं. "तिला रोज तुमच्या समोर बसून जेवायचंय. माझ्या समोर नाही. एवढाच हिशोब होता. आता तो चुकला असं वाटतंय. या तुम्ही."

लेकीचं पहिलं वर्ष संपत आलं. दुपारी तीनला घरी येते. पहिल्या महिन्यात रडली नाही, दुसऱ्यातही नाही. वसतिगृहासाठी घेतलेली बादली बाल्कनीत आहे, दुकानाची चिठ्ठी अजून तिच्यावर आहे. माझ्या प्रश्नांना ती "हं" म्हणते. मला हवी होती तशी ती अगदी माझ्या डोळ्यांसमोर असते.

काल खालच्या मजल्यावरची मुलगी तिच्याकडे सल्ला विचारायला आली होती. यंदा अर्ज भरायची तिची पाळी. मी चहा घेऊन दाराशी पोचले तेव्हा आमची लेक सांगत होती, "इमारत बघू नकोस, ग्रंथालयाची वेळ विचार. न सांगता जाऊन नळ उघडून बघ." अक्षरन् अक्षर काकांचं. मग म्हणाली, "आणि अर्ज बाहेरच्या कोणाच्या हातात देऊ नकोस. आईकडे दे. आई तरी चुकणार नाही."

चहा ठेवून मी स्वयंपाकघरात आले आणि नळ सोडून उभी राहिले.

आता घर झोपलंय आणि मी हे शाईने लिहून काढलंय. उद्या नाश्त्याच्या वेळी तिच्यासमोर मोठ्याने वाचायचं आहे, आणि नंतर जमलं तर, तिला घेऊन त्या दीड खोलीत जायचं आहे. आवाज कुठे पडेल ते मला आत्ताच माहीत आहे. ती तिथे मला थांबवेल, आणि म्हणेल, "परत वाच."