बिनकडीचं दार

बांजारनगारा गावाच्या बॅडमिंटन क्लबात सुमार्नी मुलींची प्रशिक्षक झाली, तेव्हा पहिल्याच दिवशी तिने सामानाच्या खोलीची बाहेरची कडी उचकटून काढली. कारण कुणी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. लहानपणी याच खोलीत सोबतच्या मुलींनी तिला कोंडलं होतं. बाहेर शटलचे फटके चालू होते आणि आतून तिने मारलेल्या हाका त्यात विरून जात होत्या. दार उघडल्यावर तेव्हाचे प्रशिक्षक हसत म्हणाले होते, "अगं, थट्टा केली पोरींनी!" ती आता चाळिशीला आली होती, पण कुठेही कडी सरकली की अजून तिच्या तळहातांना घाम सुटायचा.

एका दुपारी वेनिंगचे बूट दाराशी होते, वेनिंग मात्र कोर्टवर नव्हती. बारा वर्षांची, शांत पोर. तिचे वडील बाजाराच्या तोंडाशी बकऱ्याच्या मांसाचे तुकडे काडीला टोचून साते भाजून विकायचे. सुमार्नीने सगळीकडे शोधलं आणि शेवटी मन घट्ट करून सामानाच्या खोलीचं दार ढकललं. वेनिंग अंधारात जाळ्यांच्या ढिगामागे गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

"कुणी कोंडलं तुला?" सुमार्नीने विचारलं.

"कुणी नाही, बू," वेनिंग म्हणाली. क्लबात बाईंना सगळे बूच म्हणायचे. "मीच बसलेय. इथं ते ऐकू येत नाही."

"काय ऐकू येत नाही?"

पोरीने मान खाली घातली. "मी सर्व्हिस करायला लागले की बाकीच्या पोरी मेंऽऽ करतात. बकरी म्हणतात. आता घरी झोपतानाही ऐकू येतं."

जिथून सुटायला ती तडफडली होती, तिथेच ही पोर आसऱ्याला आली होती. सुमार्नी तिच्याशेजारी जमिनीवरच टेकली.

"बाबांना सांगू नका, बू. ते साते विकायचंच बंद करतील."

"सांगावं तर लागेल गं. पण तू बरोबर असशील तेव्हाच. आणि यात तुझी काही चूक नाही, हे आधी ऐकून ठेव."

दुसऱ्या दिवशी तिने मुलींना एकेक करून बोलावलं. वेनिंगला त्यांच्यासमोर उभं केलं नाही. त्यांतली निकेन आल्या आल्या रडायलाच लागली. "मीपण केलं, बू. नसतं केलं तर पुढचा नंबर माझा लागला असता." सुरुवात रेफिनाने केली होती. क्लबातली सगळ्यात तयारीची खेळाडू ती. "नुसता आवाज तर काढला," ती म्हणाली. "हात तरी लावला का कुणी तिला?"

सुमार्नीने तिला क्लबातून काढलं नाही, पण जिल्ह्याच्या स्पर्धेसाठीच्या संघातून काढलं. क्लबाचे अध्यक्ष पाक दिर्जो, म्हणजे दिर्जोसाहेब, तडक हॉलवर आले.

"पोरींची थट्टा ती, बू! रेफिना नाही तर तिथं काय टाळ्या वाजवायला जायचं?"

"माझ्या वेळीही थट्टाच म्हणाले होते, पाक," सुमार्नी म्हणाली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने ती गोष्ट कुणाला तरी सांगितली. पाक दिर्जोंनी टोपी काढून हातात घेतली. ते तसेच हॉलबाहेर पडले. संघ रेफिनाशिवायच गेला आणि पहिल्याच फेरीत हरून आला.

रेफिनाला सुमार्नी रोज सरावानंतर थांबवून घ्यायची. बरेच दिवस रेफिना नुसती रॅकेटच्या तारा सारख्या करत बसायची. पाक दिर्जोंशी झालेलं बोलणं तिच्या कानावर आलं होतं. मग एकदा तिने विचारलं, "बू, तुम्हाला ज्यांनी कोंडलं, त्यांनी नंतर माफी मागितली?"

"नाही."

"मग अजून आठवतं?"

"माफी मागितली असती तरी आठवलं असतं. पण ते आठवताना एकटं वाटलं नसतं."

रेफिनाने माफी मागितली, वेनिंगने मान हलवली. मैत्री काही झाली नाही. वेनिंग पुन्हा येऊ लागली, निकेनबरोबर जोडीने खेळू लागली. पण सर्व्हिसला उभी राहिली की हात वर जाण्याआधी ती थबकायची आणि मागे कान द्यायची. हॉल तेव्हा अगदी शांत असायचा. सुमार्नी तिला घाई करायची नाही. त्या शांततेत तीही श्वास रोखून उभी असायची.