राणीचं चालणं

संस्थानं विलीन होत होती ना, त्या वर्षांतली गोष्ट. आमच्या बुऱ्हाणपुरात दर गणपतीत एक जुनं संगीत नाटक व्हायचं, आणि त्यातली कैदेतली राणी म्हणजे आमचे हे. आमच्याकडे तेव्हा बायका कुठल्या स्टेजवर जायला. हे लुगडं नेसून, अंग चोरून, एक खांदा पुढे काढून चालू लागले की बायकांच्या बाजूला हुंदके सुरू. सासूबाई म्हणायच्या, "माझाच मुलगा हा, विसरायला होतं बाई."

त्या नाटकाचा सिनेमा काढायला मुंबईची मंडळी आली. राणीचं काम खरी नटी करणार, हे कळलं त्या दिवशी हे जेवले नाहीत. डायरेक्टर म्हणाला, "गोष्ट नव्या जमान्याची करू, पण चालणं तुमचंच ठेवू. बाईंना शिकवा." तेवढ्यावर ह्यांचा जीव अडकला. मला सारखं विचारायचे, "ठेवतील ना गं?"

नटी घरी शिकायला आली. पोरगी साधी, चुलीपाशीच बसली. मला घागर घेऊन जाता-येता बघून म्हणाली, "भाभी, भैया तर हुबेहूब तुमच्यासारखे चालतात."

"मग? शिकलो कुणाकडून?" हे म्हणाले.

मला कुठे ठाऊक होतं. आमच्या खोलीत ह्यांचा हातमाग. चुलीपासून मागच्या दारी जायचं तर माग आणि भिंतीच्या मधून, कडेवर घागर घेऊन, एक खांदा पुढे काढून, तिरकं होऊन. लग्न होऊन आले तेव्हापासून तशीच जात होते. हे मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून विणत बसायचे, तिथून बघत असणार.

शूटिंग असीरगडावर होतं. आम्हांलाही नेलं. वर सगळं मोकळं, वारा नुसता. नटी अंग चोरून चालली, तर डायरेक्टरनं थांबवलं. "इथं भिंत कुठंय? सरळ चाला."

"साहेब, ती कैदेत आहे," हे म्हणाले.

"ती नाटकात. आमची राणी पळून जाते."

हे बाजूला झाले. नटी सरळ चालली, छान चालली.

गड उतरायच्या आधी हे मला म्हणाले, "तू पण चाल की सरळ. इथं कुठं माग आहे?"

मी चालले. चार पावलं गेले नाही तोच खांदा आपसूक पुढे. ह्यांनी पाहिलं आणि मान वळवली.

त्या गणपतीत ह्यांनी राणी सोडली, दुसऱ्याच कुणी केली. हे म्हणाले, "आपण माग हलवू." पण खड्डा खणून बसवलेला माग, हलवायचा कुठे? पाणी भरायचं होतं. मी घागर उचलली आणि खांदा पुढे काढून तिरकी झाले.