खंदाऱ्यांचा जंबिया

१९८७ च्या दिवाळीआधी आमची पलटण श्रीलंकेत, जाफन्याजवळ उतरली. मी तेव्हा हवालदार होतो, सेक्शन कमांडर. सेक्शनमध्ये परभणी जिल्ह्याचे आम्ही तिघे. मी जिंतूर तालुक्यातला, हटकर धनगराच्या घरातला. सिपाही रशीद खुद्द जिंतूरचा. आणि एलएमजीवर, म्हणजे हलक्या मशीनगनवर, लान्स नाईक किशन खंदारे, पेडगावच्या पुढच्या एका खेड्यातला.

मला जुन्या कट्यारींचा नाद आहे. तो लागला बापामुळे. मेंढरं घेऊन फिरताना एका पडक्या गढीच्या मातीत त्याला बिदरी मुठीची कट्यार सापडली होती. पुढे जिथे पोस्टिंग मिळालं तिथल्या जुन्या बाजारात मी फिरलो. बिकानेरला उंटाच्या हाडाच्या मुठीचा खंजीर मिळाला. जम्मूला पेशकब्ज मिळाला, हिरव्या दगडाची मूठ, म्यानावर मखमल. पलटणीत असताना हा माल सीओ साहेबांच्या परवानगीने कोतमध्ये, म्हणजे हत्यारांच्या खोलीत जमा असायचा; श्रीलंकेला निघण्याआधी मी तो घरी नेऊन ठेवला. जवान हसायचे. म्हणायचे, उस्तादला बायको सुऱ्यांची मिळाली.

किशन हसायचा नाही. एकदा हत्यारं साफ करताना म्हणाला, "उस्ताद, आमच्या घरी जंबिया हाय. अरबाचा वाकडा खंजीर."

"तुझ्या घरी कुठून आला?"

"आज्यानं आणला. निजामाच्या काळात एक अरब जमादार व्हता आमच्याकडं. पुलिस ॲक्शनच्या गडबडीत लोक त्याच्या जिवावर उठले. आज्यानं त्याला, त्याच्या बायका-पोरांला बैलगाडीत कडब्याखाली घातलं अन् स्टेशनला नेऊन सोडलं. उतरताना त्यानं कमरंचा जंबिया काढून दिला. शिंगाची मूठ, म्यानाला चांदीच्या तारंचं काम. एक कडी तुटलेली व्हती, तितं आज्यानं तांब्याची घातली."

"मला देतोस?"

"सगळं मागा उस्ताद, ते नको. सुट्टीवर या, दाखवतो."

वर्षातून एकदा, चौदा एप्रिलला, त्याचा बाप तो बाहेर काढून वस्तीतल्या पोरांना दाखवायचा. बाप वारल्यावर आई दाखवू लागली. असं त्यानं सांगितलं.

डिसेंबरात किशन गेला. कसा गेला ते पुढे येईलच. त्याचे अंत्यसंस्कार तिकडेच झाले, घरी अस्थी गेल्या. रशीदच्या पायात दोन गोळ्या होत्या, त्याला मद्रासच्या हॉस्पिटलात पाठवलं आणि नंतर तो मेडिकलवर घरी गेला. किशनला ज्यानं मारलं तो मला कधी दिसला नाही. ताडाची झाडं आणि झावळ्यांची कुंपणं, एवढंच दिसलं. आम्ही त्या गल्लीत पुन्हा तीन वेळा गेलो. मी मुद्दाम ती ड्यूटी मागून घेतली. कोणी सापडलं नाही. तो राग पोटात घेऊन मे महिन्यात मी सुट्टीवर आलो.

पहिल्याच आठवड्यात पेडगावला उतरून किशनच्या गावी गेलो. त्याची आई गयाबाई दारात बसली होती. मी नाव सांगितलं, पलटण सांगितली. ती उठली आणि आत जाऊन कडी लावून घेतली.

मी बाहेर बसून राहिलो. बऱ्याच वेळानं आतून आवाज आला, "आता काय राह्यलंय न्यायचं?"

"माय, मी काही न्यायला आलो नाही. किशन माझ्या सेक्शनमधला."

दार उघडलं. तिनं माझ्या तोंडाकडं न बघता विचारलं, "मंग खरं सांग. माझा लेक पळाला का?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग तिनं सांगितलं. अस्थी आल्या त्याच्या महिन्याभरानं जीपमधून एक माणूस आला. खाकी कपडे, हातात कागद. म्हणाला, मी सरकारचा माणूस. तुझा पोरगा पोस्ट सोडून पळताना मेला. वर चौकशी लागली आहे. या अस्थी तरी कोणाच्या, कोणास ठाऊक. दंगलीनंतर वस्त्यांमधून हत्यारं जमा करायचा हुकूम आहे, त्यात पळपुट्याच्या घरात अरबाचं हत्यार निघालं तर पेन्शनही जाईल आणि तुलाही धरतील. गुपचूप माझ्याकडे दे, मी प्रकरण दाबतो.

नामांतराची दंगल होऊन दहा वर्षं झाली होती, पण त्या वस्तीत खाकी दिसली की माणसांचा श्वास अडकायचा. तिनं जंबिया काढून दिला. कोणाला काही बोलली नाही. किशनचा वर्दीतला फोटो भिंतीवरून उतरवून ट्रंकेत घातला. कलश गोठ्यात आढ्याला बांधून ठेवला.

"नदीला न्हाई नेला," ती म्हणाली. "कोणाचा हाय तेच कळंना. माझ्या लेकाचा नसंल तर मी रडू कोणापशी?"

मी म्हणालो, "माय, चार दिवस दे."

तो माणूस शोधणं अवघड गेलं नाही. माझ्या नादामुळे परभणीतले जुन्या तांब्या-पितळेचे दुकानदार मला ओळखत होते. एकानं लगेच सांगितलं, जीपवाला. खेड्यापाड्यांतून जुनी हत्यारं काढतो आणि हैदराबादला पोचवतो. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. त्याची मुलं आता मोठी झाली आहेत, त्यांनी काही केलेलं नाही.

मी दुकानदाराला निरोप दिला: हिरव्या दगडाच्या मुठीचा पेशकब्ज अदलाबदलीला आहे, बदल्यात फक्त अरबी जंबिया पाहिजे, चारठाण्याला जुन्या देवळांपाशी भेटू. मग जिंतूरला जाऊन रशीदला सगळं सांगितलं. त्यानं ऐकलं आणि कुबडी भिंतीला टेकवून म्हणाला, "उस्ताद, उसकू मेरे हवाले करो."

"नाही. तू फक्त जीपची चावी काढायची."

ठरलेल्या दिवशी सकाळी तो आला. पन्नाशीचा, अंगानं भरलेला, अंगात तोच खाकी शर्ट. मी एका पडक्या देवळाच्या ओट्यावर पेशकब्ज काढून बसलो होतो. तो समोर बसला आणि पिशवीतून जंबिया काढला.

इतकी वर्षं मी हत्यारं पाहत आलो, असा तुकडा हातात आला नव्हता. शिंगाची मूठ वापरानं मधासारखी झालेली. म्यानाच्या वळलेल्या टोकापर्यंत चांदीची बारीक तार. तीन कड्या चांदीच्या, एक तांब्याची.

"नवाबाच्या घरचा माल आहे," तो म्हणाला.

"कोणत्या नवाबाच्या?"

"हैदराबादच्या. नाव सांगता येत नाही."

"मग ही तांब्याची कडी कोणी घातली?"

"असेल कोणी सोनार."

"सोनार नाही. किशन खंदारेचा आजा."

तो उठायला गेला. मी त्याची कॉलर धरून खाली बसवलं. माझ्या दुसऱ्या हातातल्या पेशकब्जाचं टोक त्याच्या पोटापासून वीतभर होतं. पेशकब्ज चिलखतातून आत जाण्यासाठी बनवतात. त्याच्या अंगात सुती शर्ट होता.

मागून रशीदचा आवाज आला. "उस्ताद, चावी मिली. बोलो तो यहींच गाड देतूं इसकू."

जाफन्यात जो मला सापडला नव्हता तो समोर बसला आहे, असंच मला त्या वेळी वाटत होतं. त्याच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला तरी तो पुसत नव्हता. आजूबाजूला माणूस नव्हतं. मला हात पुढे न्यावासा वाटला, फार वाटला. मी थांबलो ते दयेनं नाही. तो इथे मेला असता तर गयाबाईचा लेक पळपुटाच राहिला असता.

"जीपमध्ये बस," मी म्हणालो.

रस्त्यात त्यानं हात जोडले. जंबिया ठेवून घ्या, वरून आणखी दोन कट्यारी देतो म्हणाला. मी जीप पेडगावच्या रस्त्याला घातली.

गावात पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. वस्तीत नाही, मी जीप चावडीपुढे उभी केली. निरोप पाठवून वस्ती बोलावली, गावही बोलावलं, पोलिसांनाही कळवलं. पाटील आले, शाळेचे मास्तर आले. गयाबाई सगळ्यांच्या मागे उभी राहिली. मी तिला पुढे आणलं.

"बोल," मी त्याला म्हणालो.

तो पुटपुटला.

"मोठ्यानं. मागच्याला ऐकू गेलं पाहिजे."

"मी सरकारचा माणूस नाही. त्यांच्या मुलाबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. जंबिया काढायसाठी खोटं बोललो."

लोकांमधून एक दगड आला आणि त्याच्या खांद्याला लागला. मी ओरडलो, "दगड नको! याला ऐकायला लागणार आहे." मग गयाबाई बोलली. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता.

"हवालदार, तू व्हतास का तितं? तर सांग. याच्या समोरच सांग."

मी सावधान उभा राहिलो आणि सीओ साहेबांना दिला होता तसाच रिपोर्ट दिला.

सकाळची गस्त होती. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंनी ताडाच्या झावळ्यांचं कुंपण. समोरून आणि डावीकडून एकदम फायर आलं. रशीद आणि आणखी एक जवान पडले. किशन माझ्या मागे होता. तो न सांगता पुढे आला, विहिरीच्या कठड्याला एलएमजी टेकवली आणि फायर उघडलं. मी वायरलेस सेटवर बोललो, "दोन कॅज्युअल्टी. मागे आणतोय." उत्तर आलं, "मदत निघाली. होल्ड करा." मी किशनला ओरडलो, "आम्ही वळणावर पोचलो की मागे ये." तो म्हणाला, "पोचा तुमी." रशीदला ओढत मी वळण गाठलं. फायर चालू होतं. दुसऱ्या जवानासाठी परत गेलो. तेव्हा किशनला मांडीत गोळी लागली होती, त्यानं पटका आवळून बांधला होता. मी म्हणालो, "चल." तो म्हणाला, "आदुगर त्याला न्या." मी नेलं. तिसऱ्यांदा निघालो तेव्हा एलएमजी बंद झाली होती. दुसरी गोळी गळ्यात होती. त्याचं तोंड शत्रूकडे होतं. हात ट्रिगरवर होता. मी आणि दोन जवानांनी त्याला उचलून आणलं. चितेला मी स्वतः हजर होतो. अस्थी मी स्वतः कलशात भरल्या.

रशीदनं पँट गुडघ्यावर घेतली आणि पायाचे वण दाखवले. "ये पाँव उसके हैं," म्हणाला. "जान भी."

जीपवाल्याला मी अजून बसू दिलं नव्हतं. त्यानं पाणी मागितलं. चावडीवरच्या रांजणातून कोणीतरी तांब्या भरून आणला. गयाबाईनं मधेच हात आडवा धरला.

"ठिव खाली. त्याला पाणी न्हाई."

तांब्या आणणारा पाटलांच्या घरचा होता. त्यानं पाटलांकडे पाहिलं. पाटलांनी मान खाली घातली. तांब्या खाली ठेवला गेला. पोलीस येईपर्यंत तो माणूस त्या तांब्यासमोर उन्हात उभा होता.

त्याच्यावर खटला झाला, थोडी शिक्षा झाली. ती मला पुरेशी वाटली नाही. पण त्या चावडीवरची गोष्ट बाजाराबाजारांतून पसरली, आणि जिल्ह्यात पुन्हा कोणी त्याला दार उघडलं नाही. त्याची जीप विकली गेली हे रशीदनं मला मुद्दाम पत्रानं कळवलं. मी ते पत्र बंकरमध्ये दोनदा वाचलं आणि मला बरं वाटलं. मला कोणी विचारतात, इतकं करायला हवं होतं का? हवं होतं.

जंबिया कोर्टातून सुटून गयाबाईच्या घरी परत आला. मी तो पुन्हा कधी मागितला नाही.

माझी सुट्टी संपायच्या आधी आम्ही दुधना नदीवर गेलो. उन्हाळ्यामुळे पात्रात मधोमधच पाणी होतं. वस्तीतली माणसं आली, मास्तर आले, पाटलांचा थोरला मुलगाही आला. रशीद कुबडी टाकून वाळूत उभा राहिला. गोठ्यातून कलश मी आणला होता. त्याचं वजन म्हणावं तर काहीच नव्हतं. एलएमजी आणि भरलेली मॅगझिनं घेऊन किशन जाफन्याच्या वाळूत आमच्या सगळ्यांच्या पुढे पळायचा, आणि मागे वळून आम्हाला हसायचा.

मी पाण्यात पाय घातला तेव्हा गयाबाईनं हात पुढे केले.

"आण हिकडं," ती म्हणाली. "माझाच हाय तो."

आणि कलश छातीशी धरून ती एकटी पाण्यात उतरली.